बिनचुलीची सुट्टी

चंदगडची गाडी फलाटाला लागली तेव्हा भाऊसोनं सवयीनं आधी टायर बघितले आणि मग माणसं. टायर बरे होते. माणसांत ओळखीचं कुणी नव्हतं, त्यामुळं त्याचा चेहरा किंचित पडला. संघप्रियानं ते नेमकं टिपलं.

“पप्पा, शब्द दिलाय तुम्ही.”

“आता काय केलं मी?”

“अजून काही नाही. पण त्या पटकेवाल्या आजोबांशेजारी बसायला निघालाय. तिकडं नको. इकडं खिडकीत बसा.”

“खिडकीत बसवून काय व्हणार?” मागनं शालूबाई म्हणाली. “खिडकीतनं खाली वाकून इचारंल त्यो. स्टँडावरच्या शेंगावाल्याचा मामा काढंल.”

शब्द असा होता की या सुट्टीत भाऊसोनं कुणाला गाव विचारायचं नाही, आडनाव सांगायचं नाही, आणि समोरच्यानं विचारलंच तर ‘हिंडायला आलोय’ एवढंच म्हणायचं. हातकणंगल्याच्या घरात जेवताना लेकीनं तो बापाकडून घेतला होता. शालूबाईला, म्हणजे भाऊसोच्या थोरल्या बहिणीला, तो तेव्हाही पटला नव्हता. “माणूस माणसाला गाव इचारणार न्हाय तर काय, रगतगट इचारणार?”

भाऊसोची बायको सोनूबाई तेव्हाही बोलली नव्हती आणि आताही गप्प होती. मांडीवरच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, गूळ, कांदे आणि आंबे होते. कुणाच्या घरी द्यायला म्हणून काहीही नव्हतं. पिशवी त्यामुळं तिला चुकल्यासारखी हलकी वाटत होती, आणि ती अधूनमधून हात घालून चाचपून बघत होती.

भाऊसो एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक. वर्षातून एकदा कुटुंबाचा पास मिळायचा आणि तो वाया घालवणं म्हणजे पाप, असं त्याचं मत. प्रवास फुकट, आणि मुक्काम पाहुण्यांकडं. या एका युक्तीवर या घरानं निम्मा महाराष्ट्र बघितला होता. सोलापूर, लातूर, औरंगाबाद, एकदा तर नागपूरची दीक्षाभूमी. जिथं कुणी नव्हतं तिथं भाऊसो स्टँडवर उतरून चौकशी करायचा आणि चहा संपेपर्यंत नातं काढायचा. त्यात आडनाव कांबळे. संघप्रिया म्हणायची, हे आडनाव नाही, हवामान आहे. कुठंही जा, असतंच.

पण सोनूबाईला ती गावं वेगळ्या खुणांनी माहीत होती. सोलापुरात चूल डाव्या हाताला. लातुरात पाणी पहाटे, तेही करंगळीएवढं. औरंगाबादला सगळी लेणी बघायला गेली त्या दिवशी त्या घरात बारसं निघालं आणि ही परातभर कणीक मळत बसली. परत आल्यावर भाऊसोनं तिला लेणी इतकी रंगवून सांगितली की पुढं ती स्वतः बघून आल्यासारखी सांगू लागली. हे फक्त तिच्या लेकींना माहीत होतं. थोरली निशा गेल्या दिवाळीनंतर लग्न होऊन गेली. सासरी निघताना ती धाकटीच्या कानात म्हणाली होती, “आईला एकदा कुठंतरी ने. कुणाच्याच घरी नाही असं.”

संघप्रियानं ते एखाद्या प्रयोगासारखं हाती घेतलं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती ती, वनस्पतिशास्त्राची. तिचं निरीक्षण असं होतं की आपले पाहुणे ऊस आणि रेल्वेच्या बाजूला दाट आहेत आणि डोंगर-पावसाकडं विरळ होत जातात. म्हणून चंदगड. तिच्या वर्गातल्या क्रांतीचे वडील त्या तालुक्यातल्या आंबेगादे गावात मुख्याध्यापक होते. मे महिन्यात शाळा रिकामी. “जाताना झाडून ठेवा आणि किल्ली गावात कुणाकडंतरी द्या, मी जूनमध्ये घेतो,” एवढंच ते म्हणाले.

गाडी सुटली. शालूबाईनं आपलं तिकीट कनवटीला लावलं. बहीण पासात बसत नव्हती, तिचं तिकीट काढावं लागलं होतं. “तुमी सगळी फुकटी,” ती म्हणाली. “खरी पावणी म्हंजे मीच.”

*

शाळा दोन खोल्यांची, कौलारू, गावापासून जरा वर. पुढं व्हरांडा, त्याच्या तीन पायऱ्या, पायऱ्यांखाली हातपंप, आणि मागं डोंगर. कुलूप सोनूबाईनं काढलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली. खोलीत खडूचा आणि उन्हानं तापलेल्या लाकडाचा वास होता. फळ्यावर एप्रिलमधला शेवटचा दिवस तसाच होता, खाली कुणीतरी बेडूक काढला होता.

शालूबाईनं आल्याआल्या एक खोली झाडली. मग दुसरी झाडली. मग पहिली पुन्हा.

“आत्ती, बस की,” संघप्रिया म्हणाली.

“बसून काय करू?”

“काहीच नाही. त्यासाठीच आलोय.”

“त्यासाटी हितवर कशाला याय पायजे? घरात काय करायचं न्हाई म्हटलं तर कोण मारतंय?”

सोनूबाईनं हसून नुसतं तिच्याकडं बघितलं. घरात काय करायचं न्हाई. वन्सं स्वतः गेली कित्येक वर्षं भावाच्या घरात उजाडल्यापासून हात हलवत होती, न सांगता.

दशम्या, चटणी आणि कांदा खाऊन झाल्यावर भांडीच नव्हती. कागद होते, ते संघप्रियानं गोळा केले. सोनूबाई हात धुऊन आली आणि खोलीच्या मध्यावर उभी राहिली. आता काय, हे तिच्या शरीराला कळेना. भाऊसो व्हरांड्यात आडवा झाला होता, शालूबाई पायरीवर सुपारी कातरत होती. सोनूबाईनं सतरंजी उलगडली, दारासमोर, आणि पाय डोंगराकडं करून आडवी झाली.

दुपारी झोपायचं म्हणजे आजारपण किंवा बाळंतपण. तिला दोन्ही नव्हतं. तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. वाऱ्यानं दार थोडं हलत होतं आणि त्यातून येणारी उन्हाची पट्टी तिच्या पोटऱ्यांवर यायची, जायची. कुणाच्या तरी हाकेची वाट बघत ती पडून राहिली. हाक आली नाही. मग नेमकं कधी ते तिला कळलं नाही, पण ती झोपली.

उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. ती एकटीच खाली वाटेला लागली. काजूच्या झाडांखाली लालपिवळी फळं सडून आंबूस वास सुटला होता. समोरून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली, थांबली, भाऱ्याखालून डोळे बारीक करून बघितलं.

“कुणाच्यात आलाईसा?”

हा प्रश्न सोनूबाईला उभ्या जन्मात प्रत्येक गावानं विचारला होता. त्याला उत्तर असायचं. अमक्याच्यात, तमक्याच्या थोरल्या सुनेच्या माहेरात. तिनं तोंड उघडलं आणि उत्तराची जागा रिकामी सापडली.

“कुणाच्यातबी न्हाय,” ती म्हणाली.

“आं?”

“कुणाच्यातबी न्हाय. असंच. शाळंत.”

बाई भारा सावरत पुढं गेली, दोनदा मागं वळून बघितलं. सोनूबाई तिथंच उभी राहिली. तिनं ते वाक्य पुन्हा एकदा हळूच म्हणून बघितलं. कुणाच्यातबी न्हाय. वर आल्यावरही तिनं ते कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी संघप्रिया काजू हातात धरून सांगत होती की हे जे आपण फळ म्हणतो तो खरं तर फुगलेला देठ आहे, खरं फळ म्हणजे खाली लोंबणारं बी, आणि शालूबाई चिडून म्हणत होती, “म्हंजे आमी इतकी वर्सं देठ खाल्लं?” तेव्हा सोनूबाई इतकी मोठ्यानं हसली की भाऊसो व्हरांड्यातून आत डोकावला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसो चहासाठी खाली गावात गेला. टपरीवर एक म्हातारा बाकड्याच्या टोकाला बसला होता, पांढरा सदरा, गुडघ्यावर टोपी.

“कुटलं पावणं?”

“हिंडायला आलोय,” भाऊसो म्हणाला.

“व्हय, पर कुटलं?”

“असंच. हिंडायला.”

म्हातारा जरा सरकला. जवळ नव्हे, लांब. टपरीवाल्यानं कप ठेवला, तोही न बोलता. भाऊसोनं चहा तोंडाला लावला तेव्हा त्याला जाणवलं की तिथल्या सगळ्यांनी बोलणं थांबवलंय.

लहान असताना तो बापाबरोबर रस्त्याच्या खडीकामावर फिरायचा. नवं गाव आलं की बाप वेशीवर थांबायचा, एखाद्या पोराला हळू आवाजात विचारायचा, आपली वस्ती कुठल्या अंगाला. तिथं जाऊन आधी बसायचा नाही. उभ्यानंच सुरू करायचा. आमी अमक्या गावचं, आमची आई तमक्या घरची, तिची भण अशीअशी दिलेली. कुठंतरी धागा लागायचा, आणि मग आतून पाण्याचा तांब्या यायचा. “ध्यानात ठेव,” बाप म्हणायचा, “वळख निघाल्याबिगर तांब्या येत न्हाई.” एका गावात धागा लागला नव्हता. तिथल्या विहिरीपाशी ती दोघं कितीतरी वेळ उभी होती, कुणी वरून पाणी घालंल म्हणून. भाऊसोनं हे घरात कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? ती गावं गेली, तो काळ गेला, आता टपरीवर कुणीही चहा देतं. पण अनोळखी गावात तोंड मिटून बसलं की त्याची जीभ अजून कोरडी पडायची.

त्यानं कप खाली ठेवला.

“हातकणंगल्याचा मी,” तो म्हणाला. “कांबळे.”

म्हातारा वळला. “हातकणंगल्यात कुणापैकी?”

“मूळ आमी तितलं न्हवं. आईचं माहेर गडहिंग्लजकडं. मावशी नेसरीत दिलेली.”

“नेसरीत?” म्हातारा उठलाच. “नेसरीत कुणात? आमची मालकीण नेसरीची हाय!”

चहाचा दुसरा कप यायच्या आत सगळं उलगडलं. म्हाताऱ्याचं नाव केरबा. त्याची बायको बयाबाई ही भाऊसोच्या मावशीच्या दिराची लेक. केरबानं भाऊसोचा हात धरला तो सोडेचना. “म्हंजे तू माजा मेव्हणा लागतूस की रं! आनि शाळंत उतारलाईस? आमचं घर काय पडलंय व्हय?”

भाऊसोला आत कुठंतरी थंड पाणी प्याल्यासारखं झालं. शब्द त्याला आठवला तो शाळेची चढण लागल्यावर.

*

केरबा स्वतः आला होता, आणि मागं बयाबाई. साठीची, काटक, कपाळावर गोंदण, काखेत आडवी परात, बहुतेक हातातली तशीच घेऊन निघालेली.

“अग बया, ही सोनू व्हय?” तिनं परात ठेवून सोनूबाईच्या गालावरून हात फिरवला. “शाळंत उतारतात व्हय पावणं? गाव काय म्हनंल? बयाच्या माहेरचं आलं आनि पोरांच्या बाकड्यावर झोपलं!”

“पप्पा,” संघप्रिया म्हणाली.

भाऊसो हातपंपाकडं बघत होता.

“पप्पा, एक दिवस. एक दिवससुद्धा निघाला नाही तुमच्याकडून.”

“अगं, त्येंनीच इचारलं...”

“हिंडायला आलोय म्हणायचं होतं.”

“म्हटलं की! दोनदा म्हटलं. तुला काय ठावं, तसं म्हटल्यावर माणसं कशी बघत्यात ती!”

“बघू दे की! काय होतं बघितल्यानं?”

भाऊसोनं तोंड उघडलं. संघप्रियाला वाटलं, तो ओरडणार. पण तो नुसतं तिच्याकडं बघत राहिला. बापाच्या चेहऱ्यावरचं हे तिनं आधी कधी बघितलं नव्हतं. त्याला काय नाव द्यावं हे तिला कळेना.

“माझं म्हणणं एकच हाय,” शालूबाईनं तोंड घातलं. ती पहिल्यापासून भावाच्या बाजूची. “पावणं निघालं तर निघालं. काय वाघ न्हाई निघाला.”

“असू दे,” सोनूबाई म्हणाली.

ती आधीच सतरंजीची घडी घालत होती. घडी नीट बसली नाही, तिनं ती पुन्हा उलगडून घातली. संघप्रियानं हात धरला तर तिनं तो हळूच सोडवून घेतला. “असू दे बाळा. एवडं प्रेमानं आल्यात.” मग कुलूप लावलं, किल्ली पदराला तशीच ठेवली.

केरबाचं घर वस्तीत, खालच्या अंगाला, सारवलेलं, पुढं फणस. संघप्रिया आईच्या मागं होती म्हणून तिला ते दिसलं. आईनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पदर खोचला, आणि पुरुष बाजेवर बसायच्या आत ती सरळ आतल्या अंधारात गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. स्वयंपाकघर कुठल्या अंगाला आहे हेही कुणी सांगितलं नव्हतं.

*

कोंबडा कापला गेला. खरी पावणी म्हणून शालूबाईला बाजेवर बसवलं होतं आणि तिच्यापुढं चहा, मग सरबत, मग काजूगर आले. संध्याकाळ होत आली तशी तिला ते बसणं सोसेना. ती उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली.

चुलीसमोर सोनूबाई तांदळाच्या भाकरी थापत होती. जोंधळ्याच्या भाकरीचा तिचा हात; ही उकडीची भाकरी तिला नवीन होती आणि कडेला चिरत होती. धुरानं डोळे लाल झाले होते. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. शालूबाईनं काल दुपारी हाच चेहरा झोपेत बघितला होता, दारातल्या उन्हात, तोंड थोडं उघडं. लग्नाच्या वेळची सोनू होती तशी दिसली होती ती. तेव्हा शालूबाईलाही वाटलं होतं की शेजारी आडवं व्हावं. पण तिनं केरसुणी उचलली होती. भावाच्या दारात परत आली त्या दिवसापासून ती बसली की तिला वाटायचं, कुणीतरी मोजतंय. आपण कुणाच्यात आहोत हे तिला रोज उठल्याबरोबर आठवायचं.

“सर जरा,” ती म्हणाली आणि सोनूबाईच्या हातातला गोळा घेतला.

“अवो वन्सं, तुमी कशाला?”

“गप बस. तुजी कड चिरतीया.”

“आक्का, तुमी पावण्या,” बयाबाई रस्सा ढवळत म्हणाली. “भाईर बसा.”

“ही बी पावणीच हाय की,” शालूबाई म्हणाली. बोलून गेली आणि मग तिला थांबता येईना. “बया, तुला एक सांगतो. ही काल दुपारी शाळंत झोपलीती. मी बघितलं. घोरत व्हती.”

“वन्सं!” सोनूबाईनं पदर तोंडाला लावला.

बयाबाईची पळी थांबली. “दुपारी?”

“व्हय. भर दुपारी. दार सताड उघडं.”

“आनि चूल?”

“चूल न्हवतीच,” सोनूबाई म्हणाली. “लेकीनं सगळं वाळलंच खायाचं आणलंतं.”

“मग काय केलंसा दिसभर?”

“काय न्हाय.”

“काय न्हाय म्हंजे?”

“म्हंजे...” सोनूबाईला सांगता येईना. “पडलो. उठलो. जरा खाली जाऊन आलो. कुणीबी हाक मारली न्हाई.”

बयाबाई चुलीतल्या लाकडाकडं बघत राहिली. बाहेर केरबा मोठ्यानं सांगत होता की बयाच्या हातचा रस्सा खाल्ल्याशिवाय या गावातून पाहुणा जात नाही, कलेक्टर आला तरी. बयाबाई या घरात आली तेव्हा तेरा-चौदाची होती. शाळा तिच्या डोळ्यांदेखत बांधली, दगड तिनंही वाहिले होते. आत ती एकदाच गेली होती, मतदानाला.

“थंड असतंय का वो तितं?” तिनं विचारलं. “आत?”

“लई,” सोनूबाई म्हणाली. “डोंगराकडनं वारं येतंय.”

रस्सा उतू आला तशी बयाबाई वळली. “उद्या तुमी जानार,” ती पाठमोरीच म्हणाली. “शाळा झाडून द्याय पायजे न्हवं? मी येतो हातभार लावाय.”

“झाडलीया ती मी,” शालूबाई म्हणाली. “तीनदा.”

मग तिला कळलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

“तरीबी ये,” ती म्हणाली. “लई धूळ बसतीया.”

*

तिसऱ्या दिवशी जेवणं आटोपली. गाडी दोनची. पुरुषांनी पान लावलं आणि बायका केरसुण्या घेऊन वर गेल्या. संघप्रिया फणसाखाली बसून पिशवी भरत होती. पिशवी आता जड झाली होती. काजूगर, तांदूळ, आणि केरबानं आग्रहानं दिलेला फणस.

दीड वाजत आला तसा भाऊसो उठला. एसटीचा माणूस, गाडीच्या आधी स्टॉपवर पोचणारा. तो चढण चढून शाळेच्या पायऱ्यांपर्यंत गेला, मागं केरबा.

दार उघडं होतं. केरसुण्या व्हरांड्यात आडव्या. आत सतरंजीवर तिघी पाय डोंगराकडं करून झोपल्या होत्या. कडेला शालूबाई, डोक्याखाली हात. मध्ये बयाबाई, दोन्ही हात पसरून, शेतात आडवं व्हावं तशी. सोनूबाई दाराच्या बाजूला, आणि उन्हाची पट्टी तिच्या पोटऱ्यांवर.

भाऊसोनं तिला असं कधी बघितलं नव्हतं. सोलापूर, लातूर, औरंगाबाद, नागपूर, कुठंच नाही. लेणी सांगताना ती किती मान लावून ऐकायची, ते त्याला आठवलं. किती ठिकाणी नेलं मी हिला, तो नेहमी म्हणायचा. त्यानं हळूच पाऊल मागं घेतलं.

“काय झालं?” केरबानं विचारलं. “बया! ए...”

भाऊसोनं त्याच्या दंडाला धरलं. “दाजी, बसा जरा.”

“अरं, गाडी!”

“साडेचारची असंल की.”

“हाय, पर...”

“बसा.”

दोघं पायरीवर बसले. खाली वळणावर दोनची गाडी आली, हॉर्न दिला, थांबली, आणि गेली. इंजिनाचा आवाज भाऊसोला ओळखू आला, गिअर बदलताना किंचित घासत होता. संघप्रिया धापा टाकत वर आली, “पप्पा, गाडी...” आणि बापानं ओठावर ठेवलेलं बोट बघून थांबली. तिनं आत डोकावलं. मग ती बापाशेजारी बसली.

“लहान असताना,” भाऊसो हळू आवाजात म्हणाला, “बापाबरोबर मी खडीवर जायचो. एका गावात आमाला कुणीच पावणं निघालं न्हाई.”

“मग?”

“मग काय. हिरीपाशी हुबा ऱ्हायलो.”

संघप्रियानं व्हरांड्यातला रिकामा तांब्या उचलला, हातपंपावर भरून आणला आणि त्याच्यापुढं धरला.

*

साडेचारच्या गाडीला अर्धी वस्ती पोचवायला आली होती. भाऊसो पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. कुणाच्या तरी जावयाचं गाव विचारत होता.

“किल्ली,” तो म्हणाला. “दाजींच्याकडं दे. गुरुजी येऊन घेतील जूनमधी.”

केरबानं हात पुढं केला. सोनूबाईनं पदराची गाठ सोडली. ती घट्ट बसली होती, दातानं सोडवावी लागली. किल्ली हातात घेऊन ती क्षणभर तशीच उभी राहिली. हे गाव आता आपलं झालं होतं. दिवाळीला बयाबाई येणार होती, पुढच्या मेमध्ये केरबाच्या नातीचं लग्न होतं आणि पंधरा दिवस आधी यायचं ठरलं होतं. आंबेगाद्यात चूल उजव्या हाताला. वाटेवरच्या त्या भारेवाल्या बाईला म्हटलेलं वाक्य तिला इथं पुन्हा कधीच म्हणता येणार नव्हतं.

तिनं किल्ली केरबाच्या हातावरून पलीकडं नेली आणि बयाबाईच्या मुठीत दिली.

“तुमच्यापाशी असू दे,” ती म्हणाली. “जूनला लई दिस हाईत अजून.”

बयाबाईनं किल्ली पदराला बांधली.

गाडी हलली. शालूबाईनं फणसाला पायानं आत रेटलं. मागच्या काचेतून माणसं लहान होत गेली, मग पांगली, खाली वस्तीकडं उतरायला लागली. एकच हिरवं लुगडं उतरेना. ते वाटेच्या फाट्यावर थांबलं, आणि मग डोंगराच्या बाजूला, वर चढू लागलं.

“ती बया न्हवं का?” भाऊसो सीटवरून अर्धा उठला. “घर खाली हाय की. वर कुणाच्यात चाललीया ही?”

सोनूबाईनं कपाळ काचेला टेकलं होतं. वळण आलं आणि शाळेची कौलं झाडांत गेली.

“कुणाच्यातबी न्हाय,” ती म्हणाली.